भगदाडं, ठिगळं आणि दुसरा मंगळवार

हिरकणीची गोष्ट कुणाला नव्यानं सांगायला नको. कोजागिरीच्या दिवशी रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि अंधारात कडा उतरून घरी पोचलेली ती माउली. आख्यायिका आहे, कागदोपत्री पुरावा मागू नका. (इतिहासाच्या शिक्षकानं हे आधीच सांगितलेलं बरं!) वर्गात ही गोष्ट सांगताना मुलं आईच्या मायेत अडकायची. मला मात्र त्यातला पुढचा भाग जास्त आवडायचा. जिथून एक बाई रात्री उतरू शकते तिथून गनीम चढूही शकतो, हे महाराजांनी ओळखलं आणि त्या जागी बुरूज बांधला. आणि गडाचा नियम मोडला म्हणून हिरकणीला शिक्षा केली नाही, उलट साडीचोळी देऊन तिचा मान केला. गडातली फट दाखवणाऱ्याला बक्षीस!

हे आठवायचं कारण आमची ताई. वय ८१, पण फोन आणि लॅपटॉप दोन्ही सराईतपणे वापरते. गेल्या महिन्यात तिनं फोनवर मला फैलावर घेतलं, "हे क्रोम का काय ते रोज उठून अपडेट मागतं. कधी मागतही नाही, आपलं आपण करून टाकतं. माझं मशीन, मला न विचारता त्यात हात घालणारा हा कोण?" मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगितलं, कारण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. पण प्रश्न सोपा नाही हो. त्याचं उत्तर द्यायचं तर तीस वर्षं मागं जावं लागतं. मागं जायची मला सवयच आहे.

आधी शब्दाचं बघू. ब्राउझरला मराठी आंतरजालावर काही हौशी मंडळींनी 'न्याहाळक' असा शब्द केला होता. मला तो फार गोड वाटतो, पण मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ त्याहून गमतीचा आहे. ब्राउझ करणं म्हणजे शेळीनं झुडपांचा पाला ओरबाडत फिरणं. थोडं इथं, थोडं तिथं, कुंपण असो वा नसो. आता शेळी विषारी पाला खाऊन आली तर दोष शेळीचा, झुडपाचा की गुराख्याचा, या वादातच आपला सगळा इतिहास आहे.

सन १९९५. ऑगस्टच्या ९ तारखेला अमेरिकेत नेटस्केप नावाच्या जेमतेम दीड वर्षाच्या कंपनीचे शेअर बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेले. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. नेटस्केपचा ब्राउझर तेव्हा सर्वांच्या तोंडी होता आणि त्याची मोठी ख्याती अशी, की त्यातून क्रेडिट कार्डाचा नंबर पाठवला तरी वाटेत कुणी वाचू शकणार नाही. मजकूर कुलूपबंद करून जातो.

सप्टेंबरमध्ये बर्कली विद्यापीठातल्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी ते कुलूप उघडून दाखवलं. कुलूप तसं मजबूत होतं, गोंधळ किल्लीत होता. किल्ली म्हणजे एक मोठी संख्या, आणि ती कुणाला ओळखता येऊ नये अशी निवडायला हवी. नेटस्केप ती संख्या काढायला काय वापरायचं? त्या क्षणीची वेळ, आणि संगणक चालू कामांना जे क्रमांक देतो त्यातले दोन. म्हणजे तिजोरीची किल्ली कुठं ठेवली, तर दाराच्या चौकटीवर! अंदाजाचा आवाका इतका लहान झाला, की साध्या संगणकावर मिनिटाभराच्या आत किल्ली सापडू लागली. बातमी वर्तमानपत्रांत गाजली. नेटस्केपनं घाईनं सुधारलेली आवृत्ती काढली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ऑक्टोबर १९९५ मध्ये नेटस्केपनं जाहीर केलं, की आमच्या नव्या आवृत्तीतल्या चुका शोधून द्या, आम्ही बक्षीस देऊ. आज गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट सगळेच अशी बक्षिसं देतात, त्याची ही सुरुवात. रायगडाची साडीचोळी कॅलिफोर्नियाला पोचली म्हणायची.

इथं कुणी विचारेल, की मुळात भोकं राहतातच कशी? एवढे हुशार लोक, एवढा पगार! ज्यांनी शाळेचं वार्षिक नियतकालिक काढलंय त्यांना हे विचारावं लागणार नाही. आम्ही तिघं शिक्षक तीन-तीनदा मुद्रितं तपासायचो आणि छापून आल्यावर पहिल्याच पानावर मुख्याध्यापकांच्या आडनावातली वेलांटी उडालेली असायची. साठ पानांत ही गत. ब्राउझर म्हणजे काही दशलक्ष ओळींचा मजकूर, हजारो हातांनी लिहिलेला. आणि त्याचं काम काय, तर जगातल्या कुठल्याही अनोळखी माणसानं पाठवलेला कागद, चित्र, गाणं उघडून बघायचं. एवढा भोळा नोकर ठेवल्यावर त्याला कुणीतरी फसवणारच.

पुढची काही वर्षं भराभर सांगतो, कारण ती सर्वांना माहीत आहेत. मायक्रोसॉफ्टनं आपला इंटरनेट एक्सप्लोरर विंडोजबरोबर फुकट वाटला, नेटस्केपचा धंदा बसला, १९९८ मध्ये अमेरिकन सरकारनं मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी नेटस्केपनं आपल्या ब्राउझरचा मूळ मजकूर जगाला खुला केला आणि त्यातून मोझिला जन्माला आलं. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला. त्यानंतरच्या काळात शंभरातले नव्वदहून जास्त लोक एक्सप्लोररच वापरत. युद्ध संपलं होतं. आणि युद्ध संपल्यावर विजेत्यानं काय केलं? सैन्य घरी पाठवलं. ब्राउझर लिहिणाऱ्या गटातले बहुतेक लोक दुसऱ्या कामांना लावले. सहावी आवृत्ती २००१ ची, सातवी आली ऑक्टोबर २००६ मध्ये. पाच वर्षं! पेशवाईच्या उत्तरार्धात गडांच्या डागडुजीची जी आबाळ झाली तिची आठवण व्हावी अशी ही गोष्ट.

त्या काळातल्या दोन लढाया तेवढ्या सविस्तर सांगतो.

पहिली निमडा. १८ सप्टेंबर २००१, न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याला नुकता आठवडा झालेला. हा किडा एकाच वेळी अनेक वाटांनी शिरायचा. टपालातून शिरायचा, आणि संकेतस्थळं ज्या संगणकांवर ठेवलेली असतात त्यांतही शिरायचा. तिथं शिरून प्रत्येक पानाला एक ओळ चिकटवून ठेवायचा. मग तुम्ही जुन्या एक्सप्लोररनं ते पान नुसतं उघडलंत की किडा तुमच्या घरात. कशावर टिचकी मारायची गरज नाही, काही उतरवून घ्यायची गरज नाही. 'मी काही नको तिथं जात नाही' असं म्हणणारी सज्जन माणसंही त्यात सापडली, कारण पान सज्जनाचंच होतं, फक्त त्याच्या घरी आधी चोर येऊन गेला होता.

यात चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की एक्सप्लोररमधलं ते भोक मायक्रोसॉफ्टनं २९ मार्च २००१ लाच बुजवलं होतं. ठिगळ तयार होऊन साडेपाच महिन्यांहून जास्त झाले होते. लोकांनी लावलं नव्हतं, इतकंच.

का लावलं नव्हतं? याचं उत्तर 'आळस' असं देणारे लोक मला पटत नाहीत. आपल्याकडचं चित्र आठवा. टेलिफोनच्या तारेवरचं इंटरनेट, ५६ के.चा मोडेम, तो चालू असताना फोन लागायचा नाही आणि वर मीटर पडत राहायचं. २००४ मध्ये विंडोज एक्स.पी.ची मोठी सुरक्षा-आवृत्ती आली, सर्व्हिस पॅक २. तिची पूर्ण फाईल अडीचशे एम.बी.हून मोठी. मोडेमचा कागदावरचा पूर्ण वेग धरला तरी दहा तास लागणार, आणि पूर्ण वेग कुणी पाहिला होता? मध्ये एकदा ओळ तुटली की गेलं सगळं. संगणकाच्या मासिकांबरोबर येणाऱ्या सी.डी. हातोहात फिरायच्या त्या यासाठीच. सायबर कॅफेवाला तासाला पैसे घेणार की दहा तास एक यंत्र अडवून ठेवणार?

दुसरं कारण नाजूक आहे, पण सांगतोच. आपल्याकडच्या कित्येक यंत्रांवर विंडोज विकत घेतलेलं नव्हतं. जुळणी करून देणारा पोरगा ते 'टाकून' द्यायचा आणि जाताना बजावायचा, अपडेट बंद ठेवा हं, नाहीतर पकडलं जाईल. २००५ पासून मायक्रोसॉफ्टनं अस्सलपणाची तपासणी सुरू केली आणि ही भीती आणखी पसरली. वास्तविक सुरक्षेची ठिगळं स्वयंचलित वाटेनं नक्कल असलेल्या यंत्रांनाही मिळत होती. पण नवा एक्सप्लोरर ७ मात्र आधी फक्त अस्सलवाल्यांना मिळायचा. ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीनं ती अट काढून टाकली. आजारी माणसाकडं रेशनकार्ड मागत बसलं की साथ सगळ्या गावात पसरते, हे उमगायला त्यांना वर्ष लागलं.

आणि तिसरं कारण खास आपल्या भाषेचं. तेव्हाची बरीच मराठी वर्तमानपत्रं युनिकोडमध्ये नव्हती. प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि पान उघडताना तो आपोआप उतरवायची जी सोय होती ती एक्सप्लोररमध्येच चालायची. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की मराठीऐवजी चिन्हांची खिचडी. म्हणजे परदेशात बसलेल्या मराठी माणसाला सकाळी गावाकडची बातमी वाचायची तर एक्सप्लोरर सोडता येत नव्हता, भले त्याला कितीही भोकं असोत. पुढं युनिकोड रुजलं, गमभन आणि बरहानं आपल्यासारख्यांना लिहितं केलं, आणि ही बेडी गळून पडली. युनिकोडचे उपकार आपण लिहिण्याच्या बाबतीत मानतो. त्यानं सुरक्षेच्या बाबतीतही आपली सुटका केली, हे सहसा कुणी बोलत नाही.

दुसरी लढाई जून २००४ ची. या वेळी ठिगळ तयारच नव्हतं. काही संकेतस्थळांमध्ये शिरून चोरांनी अशी व्यवस्था केली, की एक्सप्लोररनं पान उघडणाऱ्याच्या यंत्रात गुपचूप एक हेर बसावा आणि बटणं दाबली जातील ती टिपून न्यावीत. हेर रशियातल्या एका संगणकावरून उतरत होता. तो बंद पाडला म्हणून थोडक्यात निभावलं. पण त्या दिवसांत अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा विभागानं उपायांच्या यादीत एक ओळ घातली, की वेगळा ब्राउझर वापरणं हाही एक मार्ग आहे. सरकारी भाषेत एवढं म्हणजे गावभर दवंडीच. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला फायरफॉक्स १.० आला आणि डिसेंबरात त्याच्या चाहत्यांनी वर्गणी काढून न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानी जाहिरात दिली, देणगीदारांच्या नावांसकट. आपल्याकडं गणपतीच्या वर्गणीचा फलक लागतो तसं!

आता शीर्षकातल्या मंगळवाराकडं येऊ. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टनं नियम केला, की ठिगळं वाटेल तेव्हा न काढता दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी काढायची. कचेऱ्यांतल्या संगणकवाल्यांना वेळापत्रक मिळालं. पण याला एक उलटी बाजू आहे आणि ताईच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिच्यातच आहे.

समजा पाठ्यपुस्तकाची सुधारित आवृत्ती निघाली. जुनं आणि नवं शेजारी ठेवून ओळीनं वाचलं की कुठं काय बदललं ते हुशार मुलाला तासाभरात कळतं, आणि बदललं तिथं आधी चूक होती हेही कळतं. चोर नेमकं हेच करतात. ठिगळ बाहेर पडलं की जुना आणि नवा प्रोग्राम ताडून बघतात आणि भोक कुठं होतं ते शोधतात. म्हणून त्या धंद्यात म्हणू लागले, की मंगळवारी ठिगळ आणि बुधवारी चोरी. थोडक्यात, भोक कुणालाच माहीत नसतं तेव्हा जेवढा धोका, त्याहून तो ठिगळ निघाल्यानंतर वाढतो. फक्त ज्यानं ते लावलं नाही त्याच्यासाठी. 'चाललंय ना नीट, मग कशाला हात लावा' हे आपलं शहाणपण पाट्या-वरवंट्याला लागू आहे, इथं लागू पडत नाही.

म्हणजे ठिगळ निघणं आणि ते घरोघर लागणं यांतलं अंतर हाच खरा लढा झाला. फायरफॉक्सनं नोव्हेंबर २००५ मध्ये १.५ या आवृत्तीत सोय केली, की ब्राउझर स्वतःच नवं काही आहे का बघेल आणि फक्त बदललेला भाग उतरवील. मग २ सप्टेंबर २००८ ला गूगलचा क्रोम आला. त्यानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. विचारणंच बंद! मागच्या दारानं येऊन ठिगळ लावून जाणार, तुम्ही पुढच्या वेळी ब्राउझर उघडाल तेव्हा तो नवा झालेला असेल. २००९ मध्ये त्यांनी ठिगळं अतिशय लहान करायची एक युक्तीही काढली, ज्यात एका उदाहरणात सुमारे १० एम.बी.चा मजकूर ८० के.बी.च्या आत बसला. मोडेमवाल्यांचं रडगाणं कुणीतरी ऐकलं म्हणायचं.

उपयोग झाला का? त्याच वर्षी स्टीफन फ्राय आणि थॉमस ड्यूबेनडॉर्फर यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नवी आवृत्ती निघाल्यावर २१ दिवसांत किती लोक तिच्यावर पोचतात? क्रोमचे ९७ टक्के, फायरफॉक्सचे ८५, सफारीचे ५३, ऑपेराचे २४. (लेखकांपैकी एक गूगलच्याच नोकरीत होता, हे ध्यानात ठेवून आकडे वाचावेत. साधनांची पारख ही आमची जुनी खोड.) तरी फरक इतका मोठा आहे, की त्यातून निघणारा अर्थ नाकारता येत नाही. माणसाला विचारलं की तो 'नंतर' म्हणतो. न विचारता केलं की होऊन जातं.

जानेवारी २०१० मध्ये याचा पुरावाच मिळाला. १२ तारखेला गूगलनं जाहीर केलं, की चीनमधून आपल्यावर हल्ला झाला आणि आणखी निदान वीस मोठ्या कंपन्याही त्यात सापडल्या. वाट कुठली? इंटरनेट एक्सप्लोररमधलं भोक, आणि बळी पडलेला मुख्यतः तोच आठ वर्षांचा सहावा. मायक्रोसॉफ्टला ते भोक सप्टेंबर २००९ पासून माहीत होतं. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी खात्यांनी लोकांना सांगितलं, की ठिगळ येईपर्यंत एक्सप्लोरर वापरू नका. कंपनीनं मंगळवाराची वाट न बघता २१ जानेवारीला ते काढलं. त्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर गावी एका संस्थेनं एक्सप्लोरर ६ ची लुटुपुटूची प्रेतयात्रा काढली आणि खुद्द मायक्रोसॉफ्टनं फुलं पाठवली! पुढच्या वर्षी कंपनीनंच संकेतस्थळ काढून लोकांना विनवलं, की आमचा सहावा आता सोडा हो.

पण सुटता सुटत नव्हता. त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१३ च्या सुमाराला निवृत्तिवेतनाच्या एका कामासाठी एका कचेरीत गेलो होतो (नाव कशाला घ्यायचं). तिथल्या संगणकाच्या पडद्याच्या वर चिकटपट्टीनं कागद लावला होता, 'अपडेट करू नये'. टेबलावरच्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, एकदा केलं होतं हो. मग आमचं पोर्टलच उघडेना. चार दिवस तुमच्यासारखी वडीलधारी माणसं जिन्यावर बसून होती." आता या बाईंना आळशी म्हणायचं? पोर्टल बनवून देणाऱ्यानं ते एका विशिष्ट जुन्या एक्सप्लोररसाठीच बनवलं आणि पैसे घेऊन तो मोकळा झाला. माझं नाव, खातं, जन्मतारीख सगळं त्या भोकं पडलेल्या यंत्रात. परतताना काळजी वाटत राहिली, पण राग त्या बाईंवर धरावा असं वाटलं नाही.

याचंच विराट रूप बघायचं तर दक्षिण कोरियाकडं पाहावं. तिथं एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बँक-व्यवहारांसाठी स्वतःची देशी कुलूपपद्धत तयार केली, आणि ती ब्राउझरमध्ये बसवायला मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह-एक्स नावाची सोय वापरली, जी फक्त एक्सप्लोररमध्ये चालते. हेतू सुरक्षेचाच. परिणाम असा, की जगातलं अतिवेगवान इंटरनेट असलेला देश वर्षानुवर्षं एका जुन्या ब्राउझरला जखडला गेला, आणि लोकांना सवय लागली की पडद्यावर 'हे बसवू का' असं आलं की 'हो' म्हणायचं. त्या प्रमाणपत्रांचा विशेष दर्जा कायद्यानं काढला तो डिसेंबर २०२० मध्ये. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं एक्सप्लोरर निवृत्त केला तेव्हा ग्योंगजू गावातल्या एका संगणक-अभियंत्यानं त्याची खरीखुरी दगडी समाधी उभारली. त्यावर कोरलं आहे, की दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हा फार चांगला होता.

आता ताईचा मूळ मुद्दा. मला न विचारता का? माझं मत विचाराल तर ठिगळापुरतं न विचारणं मला मान्य आहे. नगरपालिका पाण्यात औषध टाकताना घरोघर संमती घेत नाही. ज्याच्या यंत्रात चोर बसतो त्याचंच नुकसान होत नाही, त्या यंत्रावरून तो शेजाऱ्यांवर हल्ला करतो. निमडानं तेच केलं. पण कंपन्या एक लबाडी करतात. ठिगळाच्या पुडीत बाकीचं सामानही कोंबतात. बटणांच्या जागा बदलतात, जाहिरातींच्या नव्या खिडक्या उघडतात, कुणी न मागितलेला मदतनीस आणून बसवतात. कौलं शाकारायला आलेल्या गवंड्यानं जाताना देवघर हलवून जावं तसं. म्हाताऱ्या माणसाला बोटांच्या सवयीनं काम करायचं असतं. एकदा बटण हरवलं की तो पुढच्या अपडेटला 'नको' म्हणतो आणि औषधही नाकारतो. फायरफॉक्सनं २०११ मध्ये दर सहा आठवड्यांनी आवृत्त्या काढायचा सपाटा लावला तेव्हा संस्थांनी आरडाओरडा केला, आणि २०१२ पासून मोझिलानं एक सावकाश चालणारी आवृत्ती वेगळी काढली, जिच्यात वर्षभर मुख्यतः ठिगळंच येतात. ही समजूतदार सोय सर्वांनी का ठेवू नये?

धोका मात्र कमी झालेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी नावाच्या चित्र-प्रकारात असं भोक सापडलं, की मुद्दाम घडवलेलं चित्र नुसतं दिसलं तरी पुरे. चोरांनी ते आधीच वापरलं होतं. सकाळी उठून फुलाफुलांची सुप्रभात पाठवणाऱ्या आमच्या समस्त नातेवाइकांनी याची नोंद घ्यावी! क्रोमचं ठिगळ ११ तारखेला आलं, फायरफॉक्सचं लगेच दुसऱ्या दिवशी. चित्र उघडणारा तो तुकडा दोघांनी एकाच ठिकाणाहून घेतलेला, त्यामुळं भोकही सामाईक. २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा एजसुद्धा क्रोमच्याच पायावर उभा आहे. म्हणजे पुन्हा एकदा बहुतेक जग एका गडात राहायला गेलं आहे. इतिहासाची ही पुनरावृत्ती मला फारशी आवडत नाही. एवढं खरं, की या वेळी पहारेकरी जागे आहेत. ऑगस्ट २०२३ पासून क्रोम सुरक्षेची ठिगळं दर आठवड्याला काढतो, कारण त्याचा मूळ मजकूर उघडा असल्यानं दुरुस्ती झालेली चोरांना लगेच दिसते आणि मधले दिवस जितके कमी तितकं बरं. आपल्याकडं २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही सरकारी संस्थाही वरचेवर क्रोम आणि फायरफॉक्सबद्दल इशारे काढत असते. वर्तमानपत्रांत ते 'सरकारचा गंभीर इशारा' म्हणून येतात आणि लोक घाबरून ब्राउझरच काढून टाकतात. घाबरू नका, फक्त नवी आवृत्ती घ्या.

नातेवाइकांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. ठिगळ आपोआप उतरतं, पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय ते लागत नाही. आमच्या घरात एकेकाच्या लॅपटॉपवर पन्नास-पन्नास खिडक्या महिनोन्महिने उघड्या असतात, त्यांचं ठिगळ टोपलीतच पडून राहतं. वर उजव्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत जाऊन 'हेल्प' आणि मग 'अबाउट' उघडलं की आवृत्ती दिसते, काही बाकी असेल तर तिथंच कळतं. दुसरं, कुठल्याही पानावर 'तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथं दाबा' असं आलं तर दाबू नका, पान बंद करा. अपडेट करा, अपडेट करा असा आम्ही जो धोशा लावला त्याचाच फायदा घेऊन चोरांनी खोटी ठिगळं विकायला काढली आहेत. खरं ठिगळ ब्राउझरच्या आतून किंवा फोनच्या प्ले स्टोअरमधून येतं.

राहिला ताईचा फोन. तो अँड्रॉइड ९ चा आहे, आणि २०२५ मध्ये क्रोमनं अँड्रॉइड ८ आणि ९ ला नव्या आवृत्त्या देणं थांबवलं. काच फुटलेली नाही, बॅटरी दिवसभर चालते, तिची सगळी भजनं त्यात आहेत. 'चांगला चालणारा फोन टाकून का द्यायचा' या तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही, कारण फोन खराब झालेलाच नाही, त्याची डागडुजी करणारे निघून गेलेत. तूर्त आमचं असं ठरलंय, की बँकेचं काम त्यावर करायचं नाही, ते भाचा रविवारी त्याच्या लॅपटॉपवर करून देईल, आणि भजनं जुन्याच फोनवर चालू राहतील.